एकशे चाळीस पुतळे आणि एक आगाऊ वाक्य

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला, नवी मुंबईत पावणे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'सजीव डिस्प्ले' या कारखान्यात सुकवण कक्षाचं दार उघडलं, तेव्हा आतल्या एकशे चाळीस बायकांनी कमरेतून वाकून नमस्कार केला.

बायका प्लास्टिकच्या होत्या. साड्यांच्या दुकानात काचेमागे उभ्या असतात त्या. शनिवारी दुपारी ताजा रंग लावून, ताठ मानेनं त्या आत गेल्या होत्या. रंग सुकायला चार तास गरम हवा पुरते. ती रविवारभर चालूच राहिली, आणि सोमवारी एकीचीही कंबर जागेवर नव्हती. काहींची नाकं हनुवटीला भेटून आली होती. दार उघडणारा वॉचमन दोन पावलं मागे सरला आणि मग, बरं दिसत नाही म्हणून, त्यानंही हात जोडले.

हे सगळं प्रितेश मढवीला कळलं ते गुरुवारी सकाळी, आणि तेही बखोट धरून.

घणसोली गावात, दोन घरांच्या मधल्या बोळात, प्रितेशचं 'एकवीरा टायपिंग अँड पीडीएफ' नावाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक खुर्ची, जिच्यावर तो फारसा बसत नसे. बसला की त्याचा डावा पाय हलायला लागायचा, आणि पाय हलला की टेबल, टेबल हललं की प्रिंटर. त्यामुळे छपाई चालू असताना त्यानं उभं राहायचं, असा त्यानं स्वतःला नियम घालून दिला होता.

शांतीकाकी आत आल्या आणि त्यांनी एक कागद त्याच्या नाकासमोर धरला. शांतीकाकी म्हणजे शेजारच्या तुळशीराम काकांची बायको. तुळशीराम काका 'सजीव'मध्ये पुतळे कक्षात ठेवायचं आणि बाहेर काढायचं काम करत. सव्वीस वर्षं.

"ह्या तू लिवलंस काय रं?"

कागद म्हणजे कारखान्याच्या कार्यपद्धती पुस्तिकेचं शहाण्णवावं पान होतं. खाली बारीक अक्षरात 'एकवीरा टायपिंग, घणसोली गाव' असं छापलेलं होतं. आणि मधल्या एका वाक्याला कुणीतरी पिवळं फासलं होतं.

'शनिवारी कक्ष बंद करून जाण्याची जबाबदारी पुतळे आत ठेवणाऱ्या कामगाराची राहील.'

"तुज्या काकाला घरी बसवलाय सोमवारपासून," काकी म्हणाल्या. "आज चार वाजता चौकशी हाय. हे वाक्य दावतील, सही घेतील न काढतील. चौदा मयने ऱ्हायलेत रिटायर व्हायला. न ज्यानं तुला ह्या काम मिळवून दिला त्याच्यावरच तू..."

"काकी, मी नाय लिहिलं."

"मग तुजं नाव कशाला हाय खाली?"

प्रितेशनं मार्चमधली, त्यानं स्वतः तयार केलेली फाईल उघडली. दोनशे चौदा पानं. शहाण्णवाव्या पानावर 'कक्ष बंद करणे' या हेडिंगखाली सरळ लिहिलं होतं की मुख्य स्विचच्या पेटीची किल्ली पर्यवेक्षकाकडे राहील आणि कक्ष तोच बंद करील. पिवळ्या वाक्याचा पत्ता नव्हता.

"मग झालं की!" काकी दाराकडे वळल्या. "चल, दाव त्यांना."

"दाखवलं तर म्हणतील, मार्चनंतर टाकलं. त्यांची फाईल आहे, ते काय पण टाकू शकतात."

"कोन टाकील?"

प्रितेशचा पाय हलायला लागला. प्रिंटर खडखडला. घड्याळात पावणेदहा झाले होते.

२

"प्रितेशभाई, मला पण वाईट वाटतंय ने," हेतलबेन म्हणाल्या. कारखाना त्यांच्या वडिलांचा, पण वडील आता फक्त दिवाळीला येत. "तुळशीरामकाकांनी मला लहानपणी या पुतळ्यांच्या डोक्यांच्या गाडीवर बसवून फिरवलंय. पण सल्लागार सांगतो, लिहिलेलं आहे म्हणजे आहे. एप्रिलमध्ये पुस्तिकेत सुधारणा झाल्या. सगळ्यांनी आपापल्या ओळी टाकल्या."

"कुणी काय टाकलं, याची नोंद?"

"सतरा सुधारणा झाल्या, अशी नोंद आहे."

"कुठल्या सतरा?"

"ते नाही लिहिलं."

प्रितेश उभ्या उभ्याच वळला. मागच्या भिंतीवर एक मोठा फोटो फ्रेम करून लावला होता: ऑगस्टमध्ये गुणवत्ता तपासणी पास झाली त्या दिवसाचा. हेतलबेन, ऑफिस सांभाळणाऱ्या वैजयंती बोरकर, पर्यवेक्षक श्यामसुंदर साळवी, दुरुस्ती विभागाचा सुधीर जगदाळे आणि तपासणीला आलेले एक टायवाले गृहस्थ. मागे पडद्यावर प्रोजेक्टरनं पुस्तिका दाखवलेली. टायवाल्यांनी त्या दिवशी आगीच्या भीतीनं फक्त सुकवण कक्षाचंच प्रकरण वाचलं होतं आणि बाकीच्या पुस्तिकेचं वजन बघून समाधान व्यक्त केलं होतं.

"तुमच्याकडे चार वाजेपर्यंत वेळ आहे," हेतलबेन म्हणाल्या. "काय सापडलं तर आणा. मला पण सही घ्यायची हौस नाही."

ऑफिसात कॉम्प्युटर एकच होता. त्याच्यावर सगळे एकाच नावानं काम करत, ते नाव 'ऑफिस', आणि पासवर्ड स्क्रीनच्या कपाळावर चिकटवलेला. फाईल शेवटची कधी बदलली? सोमवारी. पण सोमवारी तर वैजयंतीबाईंनीच नवीन लोगो टाकून पुस्तिकेची पीडीएफ पुन्हा काढली होती. म्हणजे तारखेवरून काही सिद्ध होत नव्हतं.

त्यानं वर्डमधली मूळ फाईल उघडून शहाण्णवावं पान पाहिलं. वाक्य इतर वाक्यांसारखंच होतं. तोच फॉन्ट, तोच आकार, तोच काळा रंग. अगदी गरीब चेहऱ्याचं वाक्य. मग त्यानं पीडीएफ उघडली आणि सवयीनं डाव्या बाजूची यादी उघडली.

आणि त्याचा पाय थांबला.

३

पीडीएफच्या डाव्या बाजूला प्रकरणांची जी यादी उघडते, तिला बुकमार्क म्हणतात. नावावर टिचकी मारली की त्या पानावर जाता येतं. ही यादी कुणी टाईप करत बसत नाही. वर्डमध्ये ज्या ओळीला 'हेडिंग' ही स्टाईल दिलेली असते ती ओळ, पीडीएफ काढताना एक खूण केली की आपोआप यादीत जाते. ती ओळ दिसते कशी, जाड की बारीक, निळी की काळी, याच्याशी यादीला काही घेणंदेणं नाही. आत हेडिंग असेल तर ती बाहेर येणारच. प्रितेशचा देवांवर विश्वास होता, पण या यादीवर जरा जास्त होता.

यादीत असं होतं:

रंग सुकवणे
कक्ष बंद करणे
शनिवारी कक्ष बंद करून जाण्याची जबाबदारी पुतळे आत ठेवणाऱ्या कामगाराची राहील.
पुतळे बाहेर काढणे

आख्खं वाक्य, पूर्णविरामासकट, दोन हेडिंगांच्या मध्ये येऊन उभं होतं. पानावर ते साध्या कपड्यांत होतं. यादीत मात्र त्याचं पितळ उघडं पडलं होतं.

"बाई," त्यानं विचारलं, "ही यादी तुम्ही बघता का कधी?"

वैजयंती बोरकर चष्म्यावरून बघत होत्या. त्या ठाण्याहून येत, डब्यात रोज दोन पोळ्या आणतात आणि दीड खातात, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. "मला पानं पाठ आहेत. यादी कशाला बघू? तू कागद चिकटवून गेलास, 'पीडीएफ काढताना हेडिंगवरून बुकमार्क करा, इथे खूण करा', म्हणून मी खूण करते. करायची नसेल तर सांग."

"नको नको, करा. आता मला 'पुतळे बाहेर काढणे'च्या वर एक ओळ घालून दाखवा. कुठलीही."

"माझ्यावर संशय आहे तुझा?"

"हो."

खरं उत्तर मिळाल्यामुळे त्या जरा वरमल्या. त्यांनी कर्सर वरच्या परिच्छेदाच्या शेवटच्या पूर्णविरामानंतर नेला, एंटर दाबलं आणि टाईप केलं: 'प्रितेश आगाऊ आहे.' ओळ मुकाट साध्या मजकुरात बसली. प्रितेशनं चाचणीची पीडीएफ काढली. यादीत ती ओळ आली नाही. येणारच नव्हती, त्यानंच त्यांना तसं शिकवलं होतं, दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी त्याला तीनदा बाहेर उभं केलं होतं.

"पण एक सांगते," त्या ओळ खोडत म्हणाल्या. "सोमवारी मी साडेनवाला आले तर कॉम्प्युटर आधीच चालू होता. ही फाईल उघडी. मला वाटलं, सुधीरनं छापायला घेतली असेल. मी तशीच लोगो टाकून पीडीएफ काढली."

"सुधीर का?"

"का म्हणजे काय? कक्षाचं आपोआप बंद व्हायचं घड्याळ गेले तीन महिने कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलंय, ते विचार त्याला."

४

सुधीर जगदाळे त्याच्या खोलीत नव्हता. टूलरूममध्ये नव्हता. मागच्या शेडमध्ये वाकलेल्या एकशे चाळीस पुतळ्यांच्या रांगेत मात्र एक एकशे एकेचाळिसावा वाकलेला होता आणि त्यानं पॅन्ट घातलेली होती.

"सुधीरभाऊ, उठा."

"आरं, मी काय लपलो न्हाय. गुडघा तपासत होतो. हिचा."

सुधीर साताऱ्याकडचा, अंगानं आडवा, आवाजानं उभा. त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली. "घड्याळ माझ्याच ड्रॉवरमध्ये हाय. त्यातला एक पार्ट मिळंना. मिळंना तर काय, पोटातनं काढू?"

"म्हणजे घड्याळ असतं तर कक्ष आपोआप बंद झाला असता. ते नव्हतं, म्हणजे दोष तुमच्यावर येणार होता. म्हणून तुम्ही वाक्य..."

"ये इकडं." सुधीरनं त्याला खोलीत नेलं आणि पेन ड्राइव्ह लावला. एक्सेल उघडलं. पहिल्या चौकोनात लिहिलं होतं: 'कक्षाचे घड्याळ बंद आहे. कक्ष हातानं बंद करणे.' तारीख जुलैची. खाली हेतलबेनची सही स्कॅन करून चिकटवलेली. दुसऱ्या पानावर ऑगस्टची, तिसऱ्यावर सप्टेंबरची.

"तीनदा लेखी दिलंय," सुधीर म्हणाला. "माझं घोडं कवाच न्हालंय. मला कशाला नवीन वाक्य लागंल?"

प्रितेशनं पेन ड्राइव्हमधल्या बाकीच्या फाईली पाहिल्या. सगळ्या एक्सेल. रजेचा अर्ज एक्सेलमध्ये. बारशाची पत्रिका एक्सेलमध्ये, बाळाचं नाव चौकोनात मावलं नाही म्हणून दोन चौकोन जोडलेले.

"वर्ड नाही वापरत?"

"त्यात ओळी पळत्यात रं. चौकोनात घातलं की गप बसत्यात."

प्रितेश बाहेर आला तेव्हा अडीच वाजले होते. आता एकच माणूस उरला होता, आणि तो शेडच्या दारात दोन कप चहा घेऊन उभा होता.

"प्रितेश, ये बस," श्यामसुंदर साळवी म्हणाले. "तू केव्हाचा पळतोयस."

५

साळवी मवाळ माणूस. चिपळूणकडचे. पंधरा वर्षं पर्यवेक्षक, आणि पंधरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता; ते ओरडायचे तेव्हाही लोक त्यांना "बरं नाही का?" विचारत. ते डोक्यांच्या रॅकला टेकून बसले. मागे साठ-सत्तर टक्कल पडलेली डोकी त्यांच्याबरोबर ऐकत होती.

"तुळशीराम माझ्या भावासारखा. काल घरी जाऊन आलो त्याच्या. शांतीबाईंनी पाणी नाही विचारलं. साहजिक आहे."

"काका म्हणतात, शनिवारी तुम्ही म्हणालात, 'तू जा, मी बंद करतो.'"

"मी असं म्हणालो?" साळवींनी कपाळाला आठ्या घातल्या. "मला तर कळंबोलीला जायचं होतं. नवीन साच्यांचा ट्रक तिथल्या यार्डात अडकला होता, दुपारी एक वाजताच निघालो. मी म्हणालो, 'तू बंद करून जा.' त्याला ऐकू कमी येतं हल्ली."

"किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"पेटी उघडीच ठेवली होती."

दोन माणसांचे दोन शब्द, आणि तिसरा साक्षीदार कुणी असलाच तर तो प्लास्टिकचा. प्रितेशनं चहा एका घोटात संपवला, जीभ भाजली, आणि तो शेडमध्ये येरझाऱ्या घालायला लागला. साळवींनी तेवढ्यात खिशातून मोबाईल काढून वेळ पाहिली. फार शांतपणे.

"वाक्य एप्रिलचं आहे," ते म्हणाले. "मी पण तेव्हा दोन-तीन ओळी टाकल्या होत्या. आठवत नाहीत कुठल्या."

तीन वाजता प्रितेश पुन्हा ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर उभा होता. हातात फार तर तासभर होता, आणि त्यातला अर्धा तो नखं खाण्यात घालवणार हे त्याला माहीत होतं. वाक्य ज्यानं टाकलं, त्याच्या हाताची सवय कुठंतरी अजून असणार. त्यानं साप्ताहिक अहवालांचं फोल्डर उघडलं. पर्यवेक्षक आपला अहवाल वर्डमध्ये भरतो. प्रितेशनंच ठरावीक हेडिंग घालून कोरा नमुना करून दिला होता: 'उत्पादन', 'अडचणी', 'सूचना', 'सही'. शेवटी वैजयंतीबाई पीडीएफ काढून ठेवत, खूण करून.

त्यानं गेल्या आठवड्याची पीडीएफ उघडली. डावीकडची यादी उघडली.

उत्पादन
या आठवड्यात दोनशे दहा पुतळे झाले.
तीन पुतळ्यांची बोटं कमी भरली.
अडचणी
मंगळवारी पंखा बंद होता.
बुधवारी चहा उशिरा आला.
गुरुवारीही.
सूचना
चहाकडे लक्ष द्यावे.
सही

त्यानं त्याच्या आधीची उघडली. जूनची उघडली. गेल्या वर्षीची उघडली. दर आठवड्याला सगळा अहवाल, वाक्य न् वाक्य, बुकमार्कच्या यादीत येऊन रांगेत उभा होता.

प्रितेश पळतच हेतलबेनच्या केबिनमध्ये गेला. भिंतीवरच्या फोटोसमोर त्यानं मोबाईल धरला आणि पडद्याचा कोपरा मोठा केला. मोठा केला, अजून मोठा केला, आणि टायवाल्यांच्या खांद्यामागे ती यादी दिसली.

"काय करताय?" हेतलबेननी विचारलं.

"चार वाजता तिघांना कॉम्प्युटरसमोर बसवायचं आहे," तो म्हणाला. "चौकशीच्या आधी. फक्त एक-एक ओळ टाईप करायला."

६

चार वाजता हेतलबेनच्या केबिनमध्ये माणसं जास्त आणि खुर्च्या कमी होत्या. तुळशीराम काका इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर कापडी पिशवी धरून बसले होते. शांतीकाकींना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून त्या आत आल्या होत्या.

टेबलावर ऑफिसचा कॉम्प्युटर आणून ठेवला होता. पुस्तिका उघडलेली.

"सगळ्यांना एकच वाक्य," प्रितेश म्हणाला. "'पुतळे उन्हात ठेवू नयेत.' 'पुतळे बाहेर काढणे' या हेडिंगच्या वर घालायचं. बाकीच्या मजकुरासारखं दिसलं पाहिजे. बस."

"हा काय पोरखेळ आहे?" वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि परिच्छेदाच्या शेवटी जाऊन दहा सेकंदांत त्यांनी वाक्य घातलं.

सुधीरनं माऊसला हात लावला, वर्डकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मी राजीनामा देतो."

मग साळवी बसले. त्यांनी चष्मा पुसला. वरच्या परिच्छेदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कर्सर सरळ 'पुतळे बाहेर काढणे' या हेडिंगच्या पहिल्या अक्षराच्या अलीकडे नेला. वाक्य टाईप केलं. ते जाड, निळं, मोठं उमटलं. मग एंटर मारून हेडिंग खाली ढकललं. मग वाक्य निवडलं, जाडपणा काढला, आकार बारा केला, रंग काळा केला. सगळं हळू, नीट, एखाद्या बाळाचे कपडे बदलावेत तसं. शेवटी मान तिरकी करून पाहिलं. ओळ अगदी इतरांसारखी दिसत होती.

"असं का करता, साळवी साहेब?" प्रितेशनं विचारलं. "वरच्या परिच्छेदाच्या शेवटी का नाही गेलात?"

"छे," साळवी म्हणाले. "झालेल्या परिच्छेदाला हात लावू नये. पूर्वी एकदा मी शेवटी एक ओळ घातली, तर सगळा तक्ता पुढच्या पानावर गेला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं मला. तेव्हापासून खालचं हेडिंग ढकलायचं आणि मध्ये लिहायचं. वरचं बिघडत नाही."

"नेहमी असंच?"

"नेहमी."

प्रितेशनं पीडीएफ काढली, खूण करून, आणि डावीकडची यादी उघडली. वैजयंतीबाईंचं वाक्य यादीत नव्हतं. साळवींचं होतं. आणि त्याच्या वर, तसंच, त्याच थाटात, 'शनिवारी कक्ष बंद करून जाण्याची जबाबदारी' उभी होती.

"हेडिंगच्या आधी लिहून एंटर मारलं की ती ओळ आतून हेडिंगच राहते," प्रितेश म्हणाला. "वरून कितीही साधी केली तरी. पानावर दिसत नाही. इथे दिसते. साळवी साहेबांचा प्रत्येक अहवाल असाच आहे. चहासकट. बाई तसं लिहीत नाहीत, सुधीरभाऊ वर्डमध्ये लिहीतच नाहीत."

"पण मी कबूलच केलंय की," साळवी हळूच म्हणाले. "एप्रिलमध्ये ओळी टाकल्या होत्या. ही माझी असेल. एप्रिलची."

शांतीकाकींनी प्रितेशकडे असं बघितलं, की पाय हलवायची त्याची हिंमत झाली नाही.

"तेच राहिलं होतं," तो म्हणाला, आणि मोबाईल हेतलबेनच्या हातात दिला. "भिंतीवरचा फोटो. ऑगस्टचा. पडद्यावर डाव्या बाजूला यादी आहे. वाचा."

हेतलबेननी वाचलं. "रंग सुकवणे. कक्ष बंद करणे. पुतळे बाहेर काढणे." त्यांनी पुन्हा वाचलं. मग वळून भिंतीकडे पाहिलं, जणू फोटो काही लपवतोय. "मध्ये काही नाही."

"एप्रिलमध्ये टाकलेलं वाक्य ऑगस्टमध्ये नाही. सोमवारी बाई आल्या तेव्हा फाईल उघडी होती. कक्षाचं दार उघडलं सव्वाआठला, बाई आल्या साडेनवाला. मधला सव्वा तास."

साळवींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ट्रक सुटला शनिवारी पाच वाजता," ते म्हणाले. "परत यायचं होतं बंद करायला. ड्रायव्हरबरोबर जेवायला बसलो. घरी गेलो, झोपलो. रविवारी आठवलंच नाही. सोमवारी दार उघडलं, आणि ते सगळे..." त्यांनी हातानं वाकून दाखवलं. "मी सांगणार होतो. आधी वाटलं, एक ओळ टाकून ठेवू, मग शांतपणे सांगू."

तुळशीराम काका म्हणाले, "श्याम, मना सांगायचास ना रं. आपन दोघांनी मिळून शिव्या खाल्ल्या असत्या. एकट्याला जास्त लागतात."

साळवींनी मान खाली घातली. सुधीरनं रुमाल काढून उगाचच कॉम्प्युटर पुसला.

हेतलबेननी तुळशीराम काकांना कामावरून काढायचं पत्र टेबलावरून उचललं, मधोमध फाडलं, आणि ते तुकडे कुठे टाकायचे हे न सुचून हातातच धरून ठेवले. "काका, उद्या सकाळी कामावर या. आणि मला माफ करा. साळवी, तुम्ही आत्ता बसा. तुमचं काय करायचं ते मी चौकशी संपल्यावर ठरवते."

"चौकशी संपली ना, बेन," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"नाय संपली," तुळशीराम काका म्हणाले.

त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून दोनशे चौदा पानांची छापील पुस्तिका काढली. पानापानांतून खुणेसाठी घातलेल्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. लाल, सोनेरी, एकीवर अर्धा गणपती. मोजल्या असत्या तर चाळीसच्या वर भरल्या असत्या.

"सोमवारपासून घरी बसलोय," ते म्हणाले. "काम नाय. म्हनून ह्या वाचली. सगली. पयल्या पानापासून." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "तुमच्यातल्या कोनी वाचलीय?"

हेतलबेननी वैजयंतीबाईंकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी प्रितेशकडे पाहिलं. प्रितेशनं ती टाईप केली होती, हेडिंग लावली होती, बुकमार्क घातले होते. वाचली मात्र नव्हती.

"पान तीन," तुळशीराम काका म्हणाले आणि चष्मा लावला. "'हात बसवून झाल्यावर बगलेत रंग द्यावा.' हात बसवल्यावर बगल ऱ्हाते कुठं? ब्रश घालनार कसा? ह्या कोनी लिवलंय? पयला रंग, मग हात. न पान पाच..."

"काका," हेतलबेन म्हणाल्या, "हे सगळं उद्या..."

"आज," शांतीकाकी दारातून म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

वैजयंतीबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. सुधीरनं चहा सांगितला. प्रितेश हेडिंग सांभाळायला मागे उभा राहिला. आणि बगल नक्की कुठून सुरू होते यावर एकमत होईना, तेव्हा तुळशीराम काकांनी साळवींना भिंतीपाशी उभं राहून उजवा हात वर धरायला सांगितलं.

साडेसहा वाजता ते पान अकरावर होते, आणि साळवींचा हात अजून वरच होता.